सांभाळण्याची मजुरी

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात साधा हिशेब मांडला. बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला रस्ते अपघातात जबर मार बसला होता आणि ती आयुष्यभरासाठी १०० टक्के दिव्यांग झाली होती. तिला चोवीस तास माणूस लागणार, म्हणून न्यायालयाने बारा-बारा तासांचे दोन मदतनीस धरले. एकाला महिन्याला ५,००० रुपये, म्हणजे दोघांचे वर्षाचे १ लाख २० हजार. त्याला वयानुसार १८ चा गुणक लावला आणि निव्वळ मदतनिसांपोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले.

हेच मूल नागपुरात पारडी, भांडेवाडी किंवा यशोधरानगरच्या एखाद्या खोलीत असेल आणि त्याच्या मेंदूला इजा जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढलेल्या काविळीवर वेळेत उपचार न झाल्याने किंवा पहिल्या वर्षातल्या मेंदूज्वराने झाली असेल, तरी त्याला माणसं तेवढीच लागतात. फक्त इथे भरपाई देणारी विमा कंपनी नसते. दोन्ही पाळ्या आई करते, आणि तिच्या कामाची किंमत शून्य धरली जाते.

आमचं म्हणणं असं की ही किंमत सरकारने मोजावी. दया म्हणून किंवा सणासुदीची मदत म्हणून नको. सांभाळणाऱ्याच्या नावावर, दर महिन्याला, कामाचा मोबदला म्हणून मोजावी. त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय, ते बघू. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेलं, स्नायू ताठरलेलं, झटके येणारं आठ वर्षांचं मूल घ्या. वजन पंधरा-सोळा किलो. दिवस औषधाने सुरू होतो. झटक्यांचं औषध सहसा बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यायचं असतं आणि त्यात घड्याळ पाळावं लागतं. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीला २०० मिलिग्रॅम औषध असतं, तर लेव्हेटिरासिटॅमच्या सिरपमध्ये १ मिलीलाच १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीला ५००. डॉक्टरांनी औषध बदललं आणि घरी "एक चमचा" हेच माप चालू राहिलं, तर डोस कुठल्या कुठे जातो. म्हणून माप नेहमी मिलीमध्ये विचारायचं, बिनसुईच्या सिरिंजने भरायचं आणि त्या सिरिंजवर पेनाने खूण करून ठेवायची. सरकारी औषधखिडकीवर साठा संपला की खरी अडचण सुरू होते. बाहेरून बाटली घ्यायला पैसे नसतात, दोन-तीन दिवस डोस चुकतात आणि बंद झालेले झटके परत येतात. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर वाट बघायची नसते, दवाखाना गाठायचा असतो. मग तो आठवडाच वाहून जातो.

त्यानंतर खाऊ घालणं. आईच्या दिवसातला सगळ्यात मोठा वाटा यातच जातो, आणि बाहेरच्या माणसाला तो सहसा दिसत नाही. या मुलांना गिळायला त्रास होतो. मूल टेकून ताठ बसवायचं, मान मागे पडू द्यायची नाही, किंचित पुढे झुकलेली ठेवायची. चमचा समोरून, खालच्या बाजूने आणायचा, अर्धाच भरायचा, आणि पहिला घास गिळून झाल्याची खात्री पटल्यावर दुसरा द्यायचा. वरण-भात घट्टसर कुस्करलेला हवा. पातळ वरणाचं पाणी किंवा नुसतं पाणी घशात वेगाने उतरतं आणि चुकीच्या नळीत जातं, म्हणून गिळण्याचा त्रास जास्त असेल तर पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागतं. खाणं झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका जेवणाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. दिवसातून चार वेळा म्हटलं तर तीन तास झाले. घाईत असलेल्या आईने मांडीवर झोपवून भरवलं की अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, न्यूमोनिया होतो, आणि वाचवलेल्या वीस मिनिटांच्या बदल्यात वॉर्डात दहा-पंधरा दिवस काढावे लागतात. तिला घाई का असते, हा प्रश्न डॉक्टरांच्या केसपेपरवर कधीच लिहिला जात नाही. तिला साडेआठला पहिल्या घरची भांडी घासायला पोचायचं असतं.

व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायचे असतात. पोटऱ्या, मांडीचे मागचे स्नायू आणि दोन मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू हळूहळू ताणून प्रत्येक वेळी अर्धा मिनिट धरून ठेवायचे. हिसका दिला की स्नायू उलट जास्त आवळतात. मांड्यांचा आवळ तसाच राहिला तर काही वर्षांत खुब्याचा सांधा सरकतो, बसवणं दुखरं होतं आणि लंगोट बदलायला पाय उघडत नाहीत. पायात स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरणारा साचा, असेल तर काढल्यावर कातडी तपासायची. लाली वीस-तीस मिनिटांत गेली नाही तर तो आता बसत नाही असं समजायचं. वाढत्या मुलाला स्प्लिंट वर्षभरातच लहान होतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात आणि बारा वर्षांखालच्या मुलांना ती वर्षाने पुन्हा मिळू शकतात, ही चांगली तरतूद आहे. पण माप एका शिबिरात घेतलं आणि वाटप कित्येक महिन्यांनी दुसऱ्या शिबिरात झालं, तर हातात पडलेलं साधन जुन्या मापाचं निघतं. मग ते खाटेखाली पडून राहतं आणि "या बाया साधनं वापरतच नाहीत" असा शेरा आईच्या वाट्याला येतो.

आंघोळ, शी-शू, कपडे, लाळेने भिजलेले रुमाल यांत दोन तास. रात्री कूस बदलून द्यायला दोन-तीनदा उठायचं. असे दिवसाचे सात-आठ तास भरतात, आणि घरचा स्वयंपाक, पाणी भरणं, दुसरं लेकरू हे सगळं अजून यात धरलेलंच नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटं देतात आणि पुरुष ७४ मिनिटं, असा आकडा आहे. तो सर्व घरांचा आहे. वर सांगितलेली आई त्या सरासरीच्या तिप्पट पुढे गेलेली असते.

मेडिकलची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, ओपीडी म्हणजे अख्खी दिवसाची मजुरी गेली असं समजावं. पारडीहून बसने जायचं तर आठ वर्षांचं मूल कडेवर घेऊन चढायचं आणि उभं राहायचं. ते जमत नाही म्हणून ऑटो, जाऊन-येऊन तीन-चारशे रुपये. एप्रिल-मे मध्ये नागपूरचं तापमान ४५ च्या आसपास असतं आणि यातल्या बऱ्याच मुलांना तहान लागल्याचं सांगता येत नाही. झटक्यांच्या टोपिरामेट, झोनिसामाइड यांसारख्या औषधांनी काही मुलांना घाम कमी येतो, अंग तापतं आणि तापाने पुन्हा झटका येऊ शकतो. उन्हाळ्यातली तपासणीची तारीख शक्य तितकी सकाळची द्यावी, ही मागणी ऐकायला किरकोळ वाटेल, पण तिच्यामागे एवढं कारण आहे.

आता सरकार काय देतं ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये ठरले आहेत. आधी ते १,५०० होते. ही वाढ चांगलीच आहे. पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. रोजचे १३७ रुपये, तेही सगळ्या घराचे मिळून. एका आईने तीन घरची धुणीभांडी केली आणि प्रत्येक घरी बाराशे मिळाले तर तिचेच वर्षाला ४३ हजार होतात. नवरा महिन्यातून चार दिवस जरी ठिय्यावर उभा राहून मजुरीला गेला तरी मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे दाखला खरा काढला तर लाभ जातो आणि लाभ घ्यायचा तर दाखला खोटा काढावा लागतो. गरीब बाईला सेतू केंद्राच्या खिडकीवर खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा आहे, आणि दलाल नेमका तिथेच उभा असतो.

त्यातही हे पैसे मुलाच्या गरजेपोटी आहेत. औषधं, ऑटो आणि डायपर यांत ते संपतात. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २०२४ पासून आईला मिळतात, तेही ती बाई आहे म्हणून. ती सात-आठ तास शुश्रूषेचं काम करते म्हणून नाही. केंद्राच्या निरामय आरोग्यविम्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, त्यात थेरपीही येते. ज्या घराने कार्ड काढलं नसेल त्याने जरूर काढावं. पण थेरपी आठवड्यातून एक-दोनदा होते. उरलेल्या पाच दिवसांची थेरपिस्ट आईच असते.

सांभाळण्याला किंमत द्यायची नाही, असं सरकारचं तत्त्व असतं तर निदान समजून घेता आलं असतं. तसं नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला नोकरीच्या काळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते आणि मूल दिव्यांग असेल तर त्याला अठरा वर्षांची अटही नाही. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग मुलांच्या आयांना अशी रजा नाकारता येणार नाही, असं बजावलं आणि बायकांचा नोकरीतला सहभाग हा घटनेने दिलेला हक्क असल्याचं सांगितलं. आयकराच्या जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसाचा सांभाळ करणाऱ्याला ७५ हजारांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. म्हणजे पगारदार, कर भरणाऱ्या घरातल्या सांभाळण्याला राज्य आजही पैसे मोजतं. पगारी रजा आणि करसवलत हे पैसेच आहेत. ज्या बाईला ना पगार आहे ना भरायला कर, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. सगळ्यात जास्त काम जिथे होतं तिथे सगळ्यात कमी मोबदला, ही रचना उलटी आहे आणि ती सुलटी करता येते.

कायदा तयार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये सांभाळणाऱ्याची व्याख्या आहे आणि तिच्यात आई-वडील आणि घरचे इतर लोक, मोबदला घेणारे आणि न घेणारे, दोन्ही धरले आहेत. कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांत, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्ता, असा स्पष्ट उल्लेख आहे. ही गरज कशी तपासायची याचा मार्ग कलम ३८ मध्ये आहे. केरळने तर हा कायदा येण्याआधीपासून "आश्वासकिरणम" नावाने अशी योजना चालवली, महिना ६०० रुपयांची. रक्कम तुटपुंजी आणि हप्ते रखडण्याच्या तक्रारी कायमच्या. त्यातून शिकायचं ते एवढंच की रक्कम ठरवताना कामाचे तास समोर ठेवावेत आणि पैसा वेळेवर देण्याची सोय आधी करावी. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा देशात असं पहिल्यांदाच होतंय, असा दावा अभिमानाने मिरवला गेला. त्या विभागाच्या हातून व्हावं असं हे काम आहे.

यावर तीन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की आईच्या मायेला दर लावता. माया तिची आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. दर लागतो तो औषध, भरवणं, उचलणं आणि जागरण यांना. हीच कामं दवाखान्यातल्या आयाबाईने केली की आपण बिनतक्रार पैसे देतो.

दुसरा आक्षेप, नवरा पैसे पिऊन टाकेल. काही घरांत हे होईल. पण त्या भीतीने बायकांच्या खात्यात पैसे टाकायचे थांबवावेत, असं लाडकी बहीणच्या वेळी कुठल्या पक्षाने म्हटलं नाही. खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं, संयुक्त नको, एवढी काळजी घेता येते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो स्त्री चळवळीतून येतो. पैसे देऊन तुम्ही तिला कायमची चुलीपाशी आणि खाटेपाशी बांधून टाकाल. बाप, काका, आजोबा आणखी मोकळे होतील. हे खरं आहे, आणि नुसता भत्ता दिला तर तसंच होईल. म्हणून भत्ता सांभाळणाऱ्याला असावा, तो बाप असेल तर बापाला, आजी असेल तर आजीला. ती बाहेर कामाला जाते म्हणून तो कापला जाऊ नये. आणि भत्त्यासोबत घराच्या जवळ, कामाच्या वेळेत, दिवसाचं सांभाळ केंद्र हवंच. या दोन्हींपैकी एकच देऊ म्हणणाऱ्या प्रस्तावाला आमचा विरोध राहील.

"जवळ" आणि "कामाच्या वेळेत" या दोन शब्दांवर सगळं अडतं. धुणीभांडीचं काम सकाळी आठ ते दुपारी दोन चालतं. विशेष शाळा बहुधा साडेदहा-अकराला भरते. म्हणजे शाळा असूनही आईचं काम बुडतंच. स्वतःच्या हाताने शी-शू न जमणाऱ्या मुलाला शाळा घेत नाही, किंवा घेतलं तर आईने बाहेर व्हरांड्यात बसून राहायचं असतं. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. सुटीच्या त्या काळात पहिल्या घरची मालकीण तिला कामावरून काढते आणि जूनअखेर नवं काम शोधावं लागतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांची कार्यपद्धती आणली, त्याने लहानग्यांची ओळख लवकर पटायला मदत होईल. सहा वर्षांपुढच्या, पूर्ण आधार लागणाऱ्या मुलासाठी वस्तीत मात्र जागाच नाही.

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. सुरुवात लकडगंज, सतरंजीपुरा, आसीनगर, नेहरूनगर आणि मंगळवारी या पाचपासून व्हावी, कारण मजूर वस्त्या तिथे दाट आहेत. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळांचे वर्ग शहरात आहेत. एका केंद्राला तळमजल्यावरच्या दोन खोल्या पुरतात. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. याहून खडा असला तर आईला चाकाची खुर्ची एकटीने ढकलता येत नाही. संडासाचं दार ९० सेंटीमीटर रुंद. दोन कूलर, पाणी, गाद्या, तीन-चार मापांच्या आधाराच्या खुर्च्या. तीन-चार मुलांमागे एक प्रशिक्षित काळजीवाहू, आणि हे काम वस्तीतल्याच अनुभवी आयांना रीतसर प्रशिक्षण आणि पगार देऊन करता येईल. शहरातलं दिव्यांगांचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी, असं प्रशिक्षण देऊ शकतं. वेळ सकाळी साडेसात ते चार, उन्हाळ्यातही चालू. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन दिवस तिथे यावा, म्हणजे मेडिकलच्या निम्म्या खेपा वाचतील. पैसा कुठून, असं विचारणाऱ्यांनी स्थानिक संस्थांना दिव्यांगांवर खर्च करायला सांगितलेले ५ टक्के आठवावेत. तो पैसा वर्षाच्या शेवटी घाईघाईने सायकली आणि शिलाई मशिनी वाटून संपवण्यापेक्षा इथे लावावा.

भत्त्याचा तपशीलही लांबवायची गरज नाही. रक्कम किमान ५,००० रुपये. न्यायालयाने एका पाळीला तेवढे धरले होते. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, कारण लाडकी बहीणसाठी हीच मर्यादा राज्याने मान्य केलेली आहे आणि त्यासाठी कोणाला खोटा दाखला काढावा लागणार नाही. संजय गांधी योजनेचे पैसे मुलाचे म्हणून वेगळे चालू राहावेत. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, दिव्यांगत्व कायमचं नोंदलं असेल तर दरवर्षी मूल उचलून कचेरीत आणायला लावू नये, हयातीची खात्री आशाताईंनी घरी येऊन करावी. आधारचंही बघावं लागेल. ज्या मुलाची मूठ उघडत नाही त्याचे ठसे यंत्र घेत नाही, डोळे स्थिर राहत नसतील तर बुबुळंही नाही. अशांसाठी आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, पण केंद्रावरचा माणूस ती वापरायला तयार नसतो आणि आई "मशीन घेत नाही" ऐकून परत येते. जिल्हाधिकाऱ्यांनी एक लेखी सूचना काढली तरी हे सुटतं.

आणखी एक महत्त्वाचं. भत्त्याला मुलाच्या वयाची वरची मर्यादा घालू नये. अठरा पूर्ण झाले की विशेष शाळा संपते, मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, आणि कायद्याने मूल सज्ञान होतं. बँकेत त्याच्या वतीने सही करायला आईला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तेव्हा मुलाचं वजन चाळीस किलो असतं आणि आईची कंबर गेलेली असते. काम त्या वर्षी वाढतं, आणि योजना त्याच वर्षी संपतात.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आईला मिळणारी ही विश्रांती देशाच्या हिताची आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असं म्हटलं होतं. तेव्हाही खर्च कोण करणार हाच प्रश्न होता, आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. दर डिसेंबरला विधिमंडळ नागपुरात भरतं आणि यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात. या आया मोर्चात दिसत नाहीत, कारण मूल कोणाजवळ ठेवणार? म्हणून हा विषय त्यांच्या वतीने जिल्ह्यातल्या बारा आमदारांपैकी कोणीतरी सभागृहात मांडावा: कलम २४ खालच्या काळजीवाहू भत्त्याचा शासन निर्णय महाराष्ट्र कधी काढणार, आणि तो निघेपर्यंत कलम ३८ नुसार जास्त आधाराची गरज असलेल्या मुलांची तपासणी नागपूर जिल्ह्यात कोणत्या तारखेला सुरू होणार.